जुना मिनिकॉम्प्युटर बूट करणे

वर्षानुवर्षे बंद असलेल्या मिनिकॉम्प्युटरवर (कपाटाएवढ्या जुन्या संगणकावर) त्याच्याच काळातली ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा चालू करणे. ठळक उदाहरण १९७० साली बाजारात आलेल्या १६ बिटी पीडीपी-११ मालिकेचे. तिच्यावर आरटी-११, आरएसटीएस आणि युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्या चालत.

यंत्र थेट विजेला जोडणे घातक. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पडून पडून खराब झालेले असतात. म्हणून पॉवर सप्लाय वेगळा काढून, त्याला लोड (वीज खाणारा भार) जोडून ५ व्होल्ट स्थिर मिळतात का ते आधी पाहतात. हे काम सोलापुरात करायचे तर आणखी एक धोका आहे. पीडीपी-११ च्या आरके०५ डिस्कचे हेड (माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) फिरत्या तबकडीपासून जेमतेम दोन-तीन मायक्रॉनवर तरंगते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू त्याहून कितीतरी जाड असतो. तेव्हा हवेचा फिल्टर नवा घालणे अनिवार्य. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे काम सकाळीच उरकलेले बरे.

खरी गंमत पुढच्या पॅनलवर आहे. पीडीपी-११/४० सारख्या यंत्रात बूट रॉम (सुरुवातीचा प्रोग्रॅम कायमचा साठवलेली चिप) नसेल, तर पहिला प्रोग्रॅम हाताने भरावा लागतो. आरके०५ साठी तो अवघ्या नऊ शब्दांचा (शब्द म्हणजे १६ बिटांचा एक आकडा) आहे: ०१२७००, १७७४०६, ०१२७१०, १७७४००, ०१२७४०, ०००००५, १०५७१०, १००३७६, ००५००७. हे आकडे अष्टमान पद्धतीतले, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरणारे. उजवीकडून तीन-तीन स्विचांचा एक अंक. स्विच वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. चादरीच्या जकार्डातली छिद्रे ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरवतात, तसेच हे. मेमरीतला पत्ता ‘लोड’ करायचा, प्रत्येक शब्द ‘डिपॉझिट’ करायचा, मग ‘एक्झामिन’ने सगळे पुन्हा तपासायचे, ही तपासणी कधीच टाळू नये. ‘स्टार्ट’ दाबताच डिस्कवरचे पहिले २५६ शब्द मेमरीत येतात आणि प्रोग्रॅम शून्य पत्त्यावर उडी घेतो. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) टर्मिनलवर ‘@’ उमटतो; तिथे कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य प्रोग्रॅमचे) नाव टाइप करायचे. मेमरी चुंबकीय कड्यांची असेल, तर वीज गेली तरी भरलेले शब्द सहसा टिकतात.

यंत्र हाताशी नसले तरी सिमएच या इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) हेच नऊ शब्द भरून सराव करता येतो.

यंत्र थांबवण्यापूर्वी मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणारी ‘सिंक’ ही आज्ञा द्यावीच लागते. वीज मध्येच गेली तर फाइल सिस्टीम बिघडू शकते, आणि सहाव्या आवृत्तीत ती आपोआप दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ ही आज्ञा नाही. ‘आयचेक’ आणि ‘डीचेक’ या तपासणीच्या आज्ञा चालवून दुरुस्ती बरीचशी हाताने करावी लागते. त्यामुळे इथे यूपीएसशिवाय डिस्क फिरवू नये.