मुरलेल्या कालव्याचं माप, ताज्या भरावाचा चर

कोळसा काढून झाला, खड्डा बुजवला, वर माती पसरून गवत पेरलं, की कागदावर खाण मिटते. पावसाचं पाणी मात्र त्या भरावावरून दर वर्षी उतरणारच. ते वाहून नेणारा मातीचा चर टिकला तर टेकडी टिकते. त्याची घळ झाली, तर पसरलेली माती खालच्या ओढ्यात जाते. चर टिकेल का, हे तपासण्याची गणितं खाणींसाठी जन्मली नव्हती. ती आली कालव्यांवरून.

१८९५ मध्ये रॉबर्ट केनेडी या अभियंत्याने पंजाबातल्या बारी दोआब कालव्याचे असे पट्टे मोजले, जिथे गाळही साचत नव्हता आणि तळही धुपत नव्हता. त्यावरून त्याने पाण्याची खोली आणि योग्य वेग यांचं सूत्र बसवलं. १९३० मध्ये जेराल्ड लेसीने ही मांडणी पुढे नेली. आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांनीही स्थिर कालव्यांच्या याच प्रश्नावर काम केलं. अमेरिकेत फोर्टियर आणि स्कोबी यांनी १९२६ मध्ये कोणत्या मातीला किती वेग सोसतो याचा तक्ता छापला: स्वच्छ पाण्यात बारीक वाळूला सेकंदाला सुमारे ०.४६ मीटर, घट्ट चिकणमातीला १.१४ मीटर. हा तक्ता आजही वापरात आहे. पण ते आकडे जुन्या, मुरलेल्या कालव्यांचे आहेत, आणि ही अट वापरताना सहज निसटते. वर्षानुवर्षं पाणी वाहून बारीक गाळ तळाच्या फटींत बसतो आणि माती बांधली जाते. खाणीचा भराव कालपरवा डंपरने ओतलेला असतो. तो मुरलेला नसतो, सगळीकडे सारखा दबलेलाही नसतो.

नुसत्या वेगावरून पुरतं कळत नाही, हेही जुनंच. वाहतं पाणी तळाला किती ओढतं, याचा विचार ड्यू ब्वाने १८७९ मध्येच मांडला होता. १९५५ मध्ये एमोरी लेनने त्यावरून स्थिर कालव्याच्या आखणीची पद्धत उभी केली. हिशेब सोपा आहे: पाण्याचं एकक वजन, खोली आणि उतार यांचा गुणाकार. दीड मीटर खोल आणि ५,००० ला १ उताराच्या कालव्यात ही ओढ चौरस मीटरला जेमतेम ३ न्यूटन भरते. भरावावरच्या २ टक्के उताराच्या चरात पाणी फक्त अर्धा मीटर खोल असलं, तरी ती ९८ न्यूटनच्या घरात जाते. घट्ट चिकणमातीची सोसण्याची मर्यादा १२ न्यूटनच्या आसपास धरतात. उघड्या मातीचा चर इथे तगणं शक्यच नाही.

म्हणून गवत. त्याचा अभ्यास शेतीवाल्यांनी केला. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या प्रयोगचरांत खरं गवत लावून त्यावरून पाणी सोडलं जाई. १९८७ च्या पुस्तिकेत अमेरिकी कृषी विभागाने गवताने पेललेली ओढ आणि खाली मातीपर्यंत पोचणारी ओढ वेगळी काढली. मला हा या इतिहासातला सगळ्यात उपयोगी टप्पा वाटतो, कारण विरळ उगवलेल्या गवताला पुरे गुण देण्याची चूक त्याने उघडी पडते.

खाणींवर ही तपासणी सक्तीची झाली ती कायद्याने. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकचा कोळसाखाणीचा बांध फुटून १२५ माणसं गेली. उघड्या खाणींनी डोंगर उजाड केल्याचा रोष त्याआधीपासून होताच. ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी खाण पुनर्स्थापनेच्या कायद्यावर सही केली. त्याच्या नियमांनुसार वाहता ओढा कायमचा वळवायचा, तर चर आणि पूरपट्टा मिळून १०० वर्षांतून एकदा येणारा ६ तासांचा पाऊस पेलला पाहिजे. किरकोळ प्रवाहाच्या कायम चराला १० वर्षांतून एकदा येणाऱ्या तशा पावसाचं माप पुरतं. खाणमालकाने पुनर्स्थापनेच्या हमीपोटी ठेवलेली रक्कम शेवटच्या पेरणीनंतर ५ वर्षं, आणि वर्षाला ६६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पावसाच्या भागात १० वर्षं अडकून राहते.

एका मोठ्या पावसाचं गणित जुळलं म्हणजे चर स्थिर, असं मात्र मी मानत नाही. भराव खचला की तळाला छोटी पायरी पडते, आणि ती पायरी प्रत्येक सरीगणिक उताराच्या वरच्या अंगाला सरकत जाते. न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा खाणीवर म्हणूनच सरळ उतरते चर सोडून आजूबाजूच्या ओहोळांसारखे वळणदार मार्ग कोरले गेले.

गोव्यात डिचोली-सांग्याच्या लोहखनिजाच्या डंपांवर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिथल्या चराला मुरायला एक सबंध वर्षही मिळत नाही. पहिल्या जूनपासूनच खालच्या भातशेतीचं संरक्षण त्याच्यावर असतं.