एफआयव्ही असलेल्या मांजरालाही घर देता येते
निवाऱ्यात दीर्घकाळ थांबलेल्या काही मांजरांच्या कागदावर ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमकुवत करणाऱ्या विषाणूची लागण, असा शेरा असतो आणि तो वाचताच, हा रोग माणसांना व घरातल्या इतर मांजरांना सहज लागतो या जुन्या समजामुळे, लोक पुढे निघून जातात. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी प्रेमळ मांजरे पिंजऱ्यातच म्हातारी होतात याचे फार वाईट वाटते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम सापडलेला हा विषाणू माणसाला बाधत नाही. मांजरांमध्येही तो मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यातून पसरतो, एका ताटलीत खाल्ल्याने क्वचितच. म्हणून निर्बीजीकरण झालेली, एकमेकांशी जुळलेली मांजरे बहुधा एकत्र राहू शकतात. प्रतिकारशक्ती कालांतराने घटू शकते, त्यामुळे अशा मांजराला घरातच ठेवावे, कच्चे मांस देऊ नये आणि पशुवैद्याकडून नियमित तपासून घ्यावे. पिल्लांची चाचणी मात्र सहा महिन्यांच्या वयानंतर पुन्हा करावी, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.