‘हेड गेलं’ या निदानामागचा इतिहास : नाशिकमधले जुने व्हीसीआर आणि त्यांची स्वस्त देखभाल

साधारण १९८५ ते २००० या काळातली नाशिकची लग्नं, मुंजी, बारशी आणि १९९१-९२ च्या सिंहस्थातलं गंगेवरचं घरगुती चित्रण व्हीएचएस कॅसेटवर झालं. २००३-०४ च्या सिंहस्थापर्यंत मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट रुळली होती. लग्नाची मूळ कॅसेट स्टुडिओवाले पुष्कळदा पुसून पुढच्या ऑर्डरला वापरत. त्यामुळे कपाटातली कॉपी हीच अनेक घरांतली एकमेव प्रत. या कॅसेट आजही बऱ्याच अंशी ठीक आहेत, त्या वाजवायला मशिन मात्र उरलेलं नाही. आणि मशिन भंगारात गेली ती बरीचशी एकाच वाक्यावर : हेड गेलं, आता खर्च करण्यात अर्थ नाही. (हेड म्हणजे फिरत्या ड्रमवरचं, टेपवरून चित्र वाचणारं बारीक टोक.) हे वाक्य आलं कुठून हे कळलं, की आज कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही हेही कळतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. व्हीएचएस जपानमध्ये १९७६ साली आलं आणि आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झालं. पहिली मशिन आखातातून किंवा सिंगापूरहून सामानाबरोबर आली. त्या वेळच्या दोन अडचणी आजही जुन्या मशिनसोबत येतात. इंग्लंडहून आणलेल्या मशिनचा आवाज अँटेनाच्या वायरमधून ६ मेगाहर्ट्झवर निघतो आणि आपला टीव्ही तो ५.५ वर शोधतो, म्हणून चित्र दिसतं पण आवाज येत नाही. बिघाड काहीच नसतो. एव्ही पिनची वायर लावली की प्रश्न मिटतो. अमेरिका किंवा जपानहून आलेलं मशिन ११० किंवा १०० व्होल्टचं आणि एनटीएससी या तिकडच्या चित्र-पद्धतीचं असतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही ते आपल्या ‘पाल’ पद्धतीची कॅसेट नीट दाखवत नाही. जुन्या बाजारात असं मशिन कितीही चकचकीत दिसलं तरी घेऊ नये.

खरा काळ १९८६ ते १९९८ चा. मशिन विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे फार. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी घ्यायच्या आणि सकाळी परत करायच्या. त्या मशिनचा हिशेब मांडून पाहा. हेडचं आयुष्य ढोबळ मानाने १००० ते २००० तास धरतात. रात्रीत तीन सिनेमे म्हणजे नऊ तास. वर्षात दीडशे रात्री मशिन बाहेर गेलं तर १३५० तास झाले. म्हणजे भाड्याच्या मशिनचं हेड वर्ष-दीड वर्षात खरोखरच झिजत होतं. शिवाय भाड्याच्या कॅसेट शेकडो मशिनमधून फिरलेल्या, तुटलेल्या जागी साध्या चिकटपट्टीने जोडलेल्या. तो जोड मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरून गेला, की फेराइटच्या टोकाचा टवका उडायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईकाला मशिन संध्याकाळच्या आत हवं असायचं. मेकॅनिकने वरचा ड्रम काढून नवा बसवला तर त्या परिस्थितीत तो निर्णय बरोबरच होता.

घोटाळा पुढे झाला. भाड्याच्या मशिनवर तयार झालेली ही सवय घरगुती मशिनलाही लागू होऊ लागली. आठवड्याला एक सिनेमा म्हणजे वर्षाला दीडशे तास. त्या मशिनचं हेड झिजायला दहा वर्षं जातात, आणि घरातली बहुतेक मशिन इतकी चाललीच नाहीत. केबल आली, मग व्हीसीडी आली, आणि मशिन कापडाखाली झाकून राहिलं. चार वर्षांनी लावलं तर पडद्यावर मुंग्या. दुकानातलं उत्तर तेच राहिलं. साफसफाईला मजुरी कमी मिळते आणि ड्रम बदलण्यात जास्त, हेही त्यात होतं. पुढे मूळ ड्रम मिळेनासे झाले, बाजारातले हलके ड्रम काही महिन्यांत पुन्हा मुंग्या दाखवू लागले, आणि मशिन भंगारवाल्याकडे गेलं. कोरडा पडलेला रोलर आणि हेडवर साचलेला मळ यांच्यापायी धडधाकट मशिन गेली, ही या सगळ्या इतिहासातली सर्वात वाईट गोष्ट.

हेड खरंच गेलं का, हे उपकरणांशिवायही बऱ्यापैकी ठरवता येतं. चाचणीला टाकाऊ कॅसेट घ्यायची, लग्नाची नाही. एकाच कॅसेटवर निकालही द्यायचा नाही, वेगवेगळ्या मशिनवर भरलेल्या निदान तीन लावून बघायच्या. आवाज स्वच्छ आणि चित्रात मुंग्या असतील तर संशय ड्रमवरच्या हेडवर, कारण साधा आवाज वेगळ्या स्थिर हेडवरून येतो. आवाजही हेलकावत असेल तर दोष टेप ओढण्यात आहे, म्हणजे टेप दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरमध्ये किंवा ती ओढणाऱ्या कॅपस्टनच्या दांड्यात. चित्र मुंग्यांआडून लुकलुकत दिसत असेल तर दोनपैकी एकच हेड बंद आहे, आणि ते बहुधा मळाने. मुंग्यांचा पट्टा फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला असेल तर टेपला वाट दाखवणारे गाइड किंवा टेपचा ताण बिघडलाय, हेडचा काही संबंध नाही. अशा वेळी गाइडचे स्क्रू फिरवायचा मोह आवरावा. एक अष्टमांश फेरा चुकला तरी मशिन फक्त स्वतःवर भरलेल्याच कॅसेट दाखवू लागतं. चार हेडच्या मशिनवर आणखी एक पडताळणी आहे. एलपीवर (संथ वेगावर) भरलेली कॅसेट स्वच्छ आणि एसपीवर (नेहमीच्या वेगावर) भरलेली खराब दिसत असेल, तर हेडची एकच जोडी अडली आहे.

मग साफसफाई. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर किंवा औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही, त्यातलं पाणी आणि इतर द्रव्यं मागे राहतात. पूर्वी प्रत्येक बाकावर सीटीसीची बाटली असे. कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे, ओझोनच्या थरालाही मारक आहे, आणि २०१० पासून अशा वापरासाठी ते बंद झालं. जुनी बाटली कुणी देऊ केली तरी घेऊ नये. थिनर तर नाहीच, तो रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही खातो.

शॅमी लेदरची पट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर साध्या कोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दुहेरी घडी करून अल्कोहोलने ओली करायची, ड्रमच्या कडेला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग पाच-सहा फेरे फिरवायचा. फिरतो तो ड्रम, पट्टी नाही. पट्टी वर-खाली घासली की हेडचं टोक तुटलंच म्हणून समजा. कापसाची काडी इथे कधीच वापरू नये, तिचे धागे टोकात अडकतात. ती कॅपस्टनच्या दांड्याला आणि स्थिर हेडला चालते. कागदावर तपकिरी-काळी रेघ उमटत असेपर्यंत जागा बदलत राहायचं, रेघ येणं थांबलं की थांबायचं. पंधरा मिनिटं वाळू द्यायचं आणि मग कॅसेट घालायची. हे दोन-तीनदा करून, वेगवेगळ्या कॅसेट लावूनही मुंग्या तशाच राहिल्या, तरच हेडवर ठपका ठेवावा. आणि तेव्हाही नवा ड्रम शोधण्यापेक्षा त्याच मॉडेलचं दुसरं बंद मशिन भंगारातून घेतलेलं परवडतं. ड्रमसोबत गिअर, मोटर आणि वीज पुरवणारा सप्लायही हाती येतात.

हेडनंतर येतं रबर, आणि घरगुती मशिनचा खरा शत्रू तेच आहे. ते वापराने जेवढं जात नाही तेवढं पडून राहून जातं. पिंच रोलर काचेसारखा चकाकू लागला की टेप घसरते, कडेला चुरगळते. साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडून सारखा हलका हात फिरवला की काही कॅसेटपुरता तो जीव धरतो, कायमचा नाही. कॅसेट बाहेर काढताना मशिन टेप खात असेल तर टेप गुंडाळणारी चकती फिरत नाहीये, म्हणजे ती फिरवणाऱ्या आयडलर चाकाचं रबर गेलंय. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मशिनमध्ये हे फार दिसतं. इथे नाशिककरांची सोय चांगली आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे शहरात ओ-रिंग आणि सील विकणारी दुकानं आहेत. जुनं रबर सोबत न्यायचं, आतला व्यास खाचेपेक्षा किंचित कमी आणि जाडी तेवढीच घ्यायची. नेहमीची नायट्राइल ओ-रिंग ७० शोअर कडकपणाची, म्हणजे या कामाला जरा कडकच असते. मऊ मिळाली तर तीच घ्या. बसवल्यावर तिची गोल पाठ पॉलिश पेपरने थोडी सपाट करावी, नाहीतर टेकते फक्त रेघेपुरती.

बेल्ट मागवताना जुना बेल्ट एका जागी कापून सरळ मोजायचा आणि नवा ५ ते ८ टक्के लहान घ्यायचा, कारण जुना ताणलेला असतो. त्याहून घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. रबर बँड लावू नये, आतल्या उष्णतेने तो चिकट होऊन पुलीवर बसतो. डांबरासारखा वितळलेला बेल्ट निघाला तर सगळ्या पुल्या अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा चढवू नये.

नव्वदच्या दशकातल्या मशिनमध्ये रबर कमी आणि प्लॅस्टिकचे गिअर जास्त. तिथे गडबड करतो तो मोड स्विच, म्हणजे यंत्रणा कोणत्या टप्प्यावर आहे ते मशिनला सांगणारा स्विच. कॅसेट आत जाते, टेप ड्रमवर चढते आणि लगेच उतरते, किंवा मशिन कॅसेट बाहेर फेकून बंद पडतं. स्विच काढण्याआधी गिअरवरच्या खुणांचा फोटो घ्यायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, खुणा जुळवूनच परत बसवायचा. एक दात चुकला तरी मशिन अडकतं. मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस पूर्ण काढून प्लॅस्टिकला चालणारं नवं अगदी थोडं लावावं. झाकण उघडून चाचणी घेताना उजेड आत पडला की टेपचं टोक ओळखणारे सेन्सर फसतात आणि मशिन विनाकारण थांबतं, म्हणून वर काळा कागद धरायचा.

भारनियमनाच्या वर्षांनी आणखी एक बिघाड पुढे आणला. वर्षानुवर्षं स्टँडबायवर राहिलेलं मशिन वीज गेली आणि परत आली की उठायचंच नाही. सप्लाय सुरू करून देणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असतो. चालू असेपर्यंत तो निभावतो, थंड झाल्यावर नाही. पाच-दहा रुपयांचा १०५ अंशांचा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवला की मशिन पुन्हा उभं राहतं. सगळेच कपॅसिटर बदलून टाकावेत असं काही जण सांगतात. कॅमकॉर्डरमध्ये ते पटतं, तिथे १९९० च्या आसपासचे चपटे कपॅसिटर गळून बोर्ड खातात. घरच्या व्हीसीआरमध्ये आधी सप्लायपुरतंच बघावं. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, प्लग काढल्यावरही. मीटरने मोजून तो उतरल्याची खात्री झाल्याशिवाय हात घालू नये. पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून, म्हणजे मशिनसोबत एकाच ओळीत जोडलेल्या बल्बमधून. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

पावसाळ्यात मशिन ‘ड्यू’, म्हणजे आत ओल असल्याची खूण, दाखवून थांबतं. ओल ओळखणारा तो सेन्सर निकामी करून टाकण्याची युक्ती कुणी सांगितली तरी ऐकू नये. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळली जाते. तासभर थांबलं की पुरतं. कॅसेटची बुरशी हे त्याहून मोठं प्रकरण आहे, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडच्या घरांतून आलेल्या कॅसेटमध्ये. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघायचं. टेपच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर मशिनमध्ये घालायची नाही, एक बुरशीची कॅसेट मशिनला आणि मशिन पुढच्या दहा कॅसेटना लावतं. ती सिलिका जेलसोबत बंद डब्यात पूड कोरडी होईपर्यंत ठेवायची, उन्हात नाही. मग मास्क लावून, पाच स्क्रू काढून, दोन्ही चकत्या स्वच्छ कवचात घालायच्या आणि धागे न सोडणारं कापड टेकवून सावकाश गुंडाळायची. अगदी जुनी मशिन टेप बाहेर न ओढता फॉरवर्ड करतात. अशा वेळी टेप हेडला शिवतच नाही. त्या कारणापुरतंही एक ओबडधोबड जुनं मशिन बाजूला ठेवावं.

नवे व्हीसीआर बनवणारा जपानमधला शेवटचा ज्ञात उत्पादक जुलै २०१६ मध्ये थांबला. सुटे भाग मिळत नाहीत हे एक कारण त्याने दिलं. त्यानंतर प्रश्न सिनेमा बघण्याचा उरला नाही, कॅसेट एकदा नीट उतरवून घेण्याचा झाला. नवे टीव्ही आणि चित्र संगणकात घेणारे स्वस्त यूएसबी कॅप्चर जुन्या टेपचा डळमळता सिंक (चित्र स्थिर धरणारा इशारा) पकडत नाहीत, निळा पडदा दाखवतात किंवा फ्रेम गाळतात. मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावून त्याच्यातून सिग्नल काढला, की पुष्कळदा तो सुधारतो. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र) तसंच ठेवून भरावं. ८ मेगाबिटच्या एमपेग-२ ला तासाला साधारण ३.६ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ११ जीबीच्या आसपास.

अलीकडची सर्वात मोलाची घडामोड म्हणजे व्हीएचएस-डिकोड हे मुक्त सॉफ्टवेअर. यात मशिनच्या हेड अँप्लिफायरवरच्या टेस्ट पॉइंटपासूनच टेपवरचा कच्चा आरएफ सिग्नल घेतात, जुन्या पीसीआय टीव्ही कार्डाने संगणकात भरतात आणि चित्र सॉफ्टवेअर घडवतं. मशिनमधली पुढची सगळी चित्र-सर्किट त्यात बाजूला पडतात. रंग उडालेलं, आउटपुट मेलेलं मशिनही चालतं, फक्त टेप सरळ ओढली गेली पाहिजे आणि हेड स्वच्छ हवं. त्यामुळे ज्यांच्याकडे ‘चित्र येत नाही’ म्हणून ठेवून दिलेलं मशिन आहे, त्यांनी आधी त्याचा ड्रम फिरतो का आणि दोन्ही चकत्या टेप ताठ ओढतात का ते बघावं.