माऊस कुणाच्या हातात?

तालुक्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षण, पुढे पीपीटी, मधे चहा-वडा, शेवटी सह्या आणि सर्टिफिकेट, हे कोकणातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या माणसाला नवीन नाही. सोमवारी आपल्या वाडीवरच्या शाळेत परत गेलं की फळा तोच, शिकवणंही तेच. आपण शिक्षकाला आळशी म्हणून मोकळे होतो. पण ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे दोन अमेरिकन अभ्यासक १९८० च्या दशकापासून सांगत आलेत की नुसतं ऐकलेलं वर्गात फारसं उतरत नाही, त्यासाठी नंतर वर्गात येऊन सोबत करणारं कुणीतरी लागतं. हे सोबत करणं म्हणजेच कोचिंग.

याची मस्त परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. नॉर्थ वेस्ट प्रांतातल्या ५० शाळांच्या शिक्षकांना एका जागी बोलावून ट्रेनिंग दिलं, दुसऱ्या ५० शाळांत कोच स्वतः वर्गात जायचे, आणि ८० शाळा होत्या तशाच ठेवल्या. पाठांचं नियोजन आणि पुस्तकं दोन्हीकडे सारखीच. दोन वर्षांनी मुलांचं सेत्स्वाना भाषेतलं वाचन तपासलं तर कोचवाल्या शाळांतला फायदा ट्रेनिंगवाल्यांच्या साधारण दुप्पट निघाला.

हे का होतं, त्याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडून ठेवलंय. ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून जमलं, आपल्यासारख्याच कुणाला जमताना बघितलं, भरवशाच्या माणसाने सांगितलं, आणि त्या वेळी छातीत किती धडधडतंय ते. यातलं पहिलं सगळ्यात जोरदार. पाठीला सुका भोपळा बांधून पोराला विहिरीत सोडतात ना, चार हात मारून काठाला लागलं की भीती पळते, काठावरून कितीही भाषण द्या, पळत नाही. आपली प्रशिक्षणं मात्र सगळी तिसऱ्या नंबरावर चालतात, म्हणजे कुणीतरी सांगणार आणि आपण ऐकणार.

कोच नेमकं काय करतो? समजा तिसरीचा वर्ग आहे, मॅडमनी विचारलं, ‘खाडीचं पाणी खारट का?’ आणि कुणी हात वर करायच्या आत स्वतःच उत्तर सांगून टाकलं. मागे बसलेल्या कोचने वहीत एवढंच लिहिलं, प्रश्नानंतर किती सेकंद थांबल्या. अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलेलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी पोरंपण बोलायला लागतात. तास संपल्यावर कोच ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाही, आकडा दाखवतो आणि विचारतो, ‘मॅडम, उद्या काय करून बघाल?’ मॅडम म्हणतात, मनात तीन मोजेन. झालं, एकच गोष्ट, तीही त्यांनीच ठरवलेली, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचं पोरगं बोललं की तो विजय पूर्णपणे त्यांचा असतो.

शाळा म्हणजे फक्त शिक्षक नाहीत, ऑफिसातली लिपिक ताई पण आहे. शालार्थवर, म्हणजे शाळांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, बिल अडलं की कुणीतरी ‘सरका जरा’ म्हणत माऊस घेतो, पटापट चार क्लिक करतो, बिल जातं. पुढच्या महिन्यात परत फोन. त्याऐवजी बाजूला बसून ‘ताई, कुठे अडलंय असं वाटतं?’ विचारलं तर अर्धा तास जास्त जाईल, पण पुढच्या वेळी फोन येणार नाही, आणि वर्षभरात तीच बाजूच्या शाळेच्या लिपिकाला समजावेल. करिअर असंच पुढे सरकतं असं माझं मत आहे. मुख्य लिपिक काय, मुख्याध्यापक किंवा आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख काय, अर्ज भरायच्या आधी माणसाने स्वतःला त्या खुर्चीत मनातल्या मनात बसवून बघितलेलं असतं. आणि जो दुसऱ्याला शिकवायला लागतो त्याला ते सोपं जातं.

आता मिठाचा खडा टाकतो. २०१८ मध्ये अमेरिकन अभ्यासक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले, कोचिंगने शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, पण कार्यक्रम मोठा केला की परिणाम कमी होत गेला. म्हणजे उद्या जीआर काढून जिल्हाभर एकदम कोच नेमले तर त्याचंही पुन्हा सह्या आणि सर्टिफिकेटच होणार! दुसरं म्हणजे फीडबॅक हे दुधारी हत्यार आहे. क्लूगर आणि डिनिसी यांच्या १९९६ च्या मोठ्या विश्लेषणात फीडबॅकच्या एक तृतीयांशाहून जास्त प्रयोगांत कामगिरी उलट घसरलेली, विशेषतः बोलणं कामावरून माणसावर गेलं की.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच आहे. दोन शिक्षकी शाळा, पावसात रस्ता बंद, वर्गात बाहेरचं माणूस आलं म्हणजे साहेबच आले, तपासणीच असणार. केंद्रप्रमुखाकडे शाळा ढीगभर, त्यात सगळे अहवाल त्याच्याच डोक्यावर. त्यामुळे शेजारच्या वाडीतल्या शाळेतलेच दोन शिक्षक एकमेकांचे तास बघतील, प्रत्यक्ष जमलं नाही तर मोबाईलवर दहा मिनिटांचं शूटिंग पाठवतील, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, तेवढ्यावरच बोलतील, हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं. अट एकच, वर्गात बसून वहीत जे लिहिलं ते गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठ लिहितात त्या कामाच्या मूल्यमापनात, जाता कामा नये, आणि तो अहवाल लिहिणारा माणूस कोच नसावा.