स्वनिर्मित अ‍ॅरेचे दर्शनी रूप

प्रोग्रामरने स्वतः घडवलेल्या अ‍ॅरे-प्रकारातली मूल्ये पडद्यावर कशी उमटावीत, हे त्यालाच ठरवू देणारी प्रोग्रामिंग भाषांतील सोय. अ‍ॅरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांचा संच. स्मृतीत साठवलेली मूल्ये यात बदलत नाहीत, बदलते ते फक्त वाचणाऱ्यासमोर येणारे रूप. पुढील विवेचन मुख्यतः ज्युलिया भाषेला धरून आहे, कारण या प्रश्नातले खाचखळगे तिथे सर्वांत उघडे पडतात.

मुंबईच्या पावसाचे उदाहरण घेऊ. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या रोजच्या नोंदींसाठी कोणी वेगळा अ‍ॅरे-प्रकार बनवला, तर तो अ‍ॅबस्ट्रॅक्टअ‍ॅरेच्या कुळात (सर्व अ‍ॅरेंच्या सामायिक मूळ प्रकारात) घालून किमान दोन फंक्शने लिहिली की काम चालते: आकार सांगणारे साइझ आणि मागितलेल्या स्थानावरचे मूल्य देणारे गेटइंडेक्स. छपाईची व्यवस्था आयती मिळते. २७ जुलै २००५ची नोंद काढली, तर वर घटकसंख्या आणि प्रकाराचे लांबलचक नाव असलेली शीर्षओळ येते व खाली ७३.४ आणि ९४४.२ हे आकडे, दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह धरून. आकडे बरोबर आहेत, पण त्यांतला कुलाब्याचा कोणता आणि एकक मिलिमीटर की सेंटिमीटर, हे कुठेच नाही. शिवाय हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी साडेआठला आधीच्या २४ तासांची घेतली जाते. मुंबईकर ज्याला ‘२६ जुलै’ म्हणतो तो पाऊस म्हणूनच कागदोपत्री २७ तारखेला दिसतो. शीर्षओळीत हे स्पष्ट नसेल, तर तक्ता पाहणारा हमखास चुकीच्या दिवसावर बोट ठेवणार.

हे रूप बदलायला बहुतेक जण शो या फंक्शनकडे वळतात आणि तिथेच अडतात, कारण शोच्या दोन तऱ्हा आहेत. दोन आर्ग्युमेंटांची (फंक्शनला पुरवलेल्या मूल्यांची) तऱ्हा आटोपशीर, एका ओळीतले रूप देते. प्रिंट तीच वापरते, आणि एखादी वस्तू दुसऱ्या अ‍ॅरेच्या पोटात असली तरी तिच्यासाठी तीच वापरली जाते. तीन आर्ग्युमेंटांची तऱ्हा मधल्या जागी ‘टेक्स्ट/प्लेन’ (साधा मजकूर) हा माध्यमप्रकार घेते. आज्ञा-ओळीवर नुसते नाव टंकून एंटर दाबले की हिची पाळी येते. साध्या स्ट्रक्टसाठी, म्हणजे काही मूल्ये एकत्र बांधणाऱ्या प्रकारासाठी, फक्त पहिली लिहिली तरी भागते, कारण दुसरी नसेल तर भाषा पहिलीवर येऊन थांबते. अ‍ॅरेचे तसे नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्टअ‍ॅरेसाठी तीन आर्ग्युमेंटांची पद्धत आधीच लिहिलेली असल्याने तीच निवडली जाते आणि आपण लिहिलेली दोन आर्ग्युमेंटांची पद्धत बाजूला पडते. ‘शो लिहिले, तरी काही बदलत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

सगळी छपाई नव्याने लिहायची गरज मात्र क्वचितच असते. नुसती शीर्षओळ बदलायची असेल तर ती छापणाऱ्या समरी या फंक्शनची नवी पद्धत पुरते. आपला प्रकार व्ह्यूसारख्या (प्रत न काढता अ‍ॅरेचा भाग दाखवणाऱ्या) वेष्टनात गुंडाळला गेल्यावर त्याचे नाव कसे दिसावे, हे शोआर्ग हे फंक्शन ठरवते. पूर्ण छपाई लिहायचीच झाली तर सोबत येणाऱ्या आयओकॉन्टेक्स्टमधली (छपाईच्या सूचना वाहणाऱ्या वस्तूतली) ‘लिमिट’ ही मजकूर आखडता घेण्याची खूण पाळावी. शंभर वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे छत्तीस हजारांवर आकडे. खूण दुर्लक्षिली तर ते सगळेच्या सगळे पडद्यावरून धावत सुटतात.

पाऊस न पडणे आणि नोंदच नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी ०.०, दुसरीसाठी मिसिंग हे खास मूल्य. दर्शनी रूप सुबक करण्याच्या नादात दोन्ही जागी रिकामी चौकट ठेवणे हा खोटेपणाच म्हणावा लागेल. डायगोनल मॅट्रिक्समध्ये (फक्त कर्णावर मूल्ये असलेल्या तक्त्यात) कर्णाबाहेर, जिथे रचनेनुसार शून्यच असते, तिथे ज्युलिया ठिपका छापते. कर्णावर पडलेले शून्य मात्र शून्य म्हणूनच दिसते. हा भेद अनुकरणीय आहे.

साइझ किंवा गेटइंडेक्समध्ये चूक असेल, तर ती वस्तू घडवताना नव्हे, बहुधा छापताना उघड होते. वस्तू तयार झालेली असते, कोसळते ती छपाई. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला की छपाई टळते आणि दोष नेमका कुठे आहे हे कळते.

देवनागरी नावे घातली की रकाने सरळ ठेवणे अवघड होते. ‘प्रभादेवी’ डोळ्याला चार अक्षरे, युनिकोड वर्ण मोजणाऱ्या ज्युलियाच्या लेंग्थला नऊ, आणि पडद्यावर किती जागा घेईल ते टर्मिनल व फॉन्टवर अवलंबून. ज्युलिया १.७पासून डावीकडे जागा भरणारे एलपॅड हे फंक्शन वर्णसंख्येऐवजी टेक्स्टविड्थने, म्हणजे पडद्यावरच्या अंदाजी रुंदीने, मोजते, तरी टर्मिनलने तीच रुंदी मानली पाहिजे. आकडे आधी आणि ठिकाणाचे नाव ओळीच्या शेवटी ठेवणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग.

पायथनमध्ये हीच विभागणी रेप्र (प्रोग्रामरसाठीचे रूप) आणि एसटीआर (वाचकासाठीचे रूप) या दोन मेथडांत आहे. नमपाय ही पायथनची संख्यागणनेची लायब्ररी हजाराहून अधिक घटकांचा अ‍ॅरे आपणहून आखडता घेते आणि दोन्ही टोकांची तीन-तीन मूल्ये दाखवते. आर भाषेत फॉरमॅट मजकूर घडवते, प्रिंट तो उमटवते. २०२४मध्ये आलेल्या नमपाय २.०ने एकट्या संख्येच्या रूपापुढे तिच्या प्रकाराचे नाव जोडले. संख्या होत्या तशाच राहिल्या, पण छापील रूपाशी अक्षरशः ताडून पाहणाऱ्या चाचण्या नापास होऊ लागल्या. अशांसाठी जुन्या धाटणीने छापण्याचा पर्याय ठेवलेला आहे.