गिटारचा खर्ज कुठे गळतो?

गिटारच्या सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) बसवलेला पिकअप, म्हणजे तारांच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग, घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर बरा वाजतो, आणि गणपतीच्या मंडपात थेट मिक्सरला जोडला की पत्र्यासारखा. नागपूरच्या बर्डीच्या दुकानात निदान तयारच असतं: पिकअप बोगस. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो.

हा पिकअप म्हणजे पिएझो पट्टी. काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. तार थरथरते, दाब बदलतो, भारही बदलतो. पण सर्किटच्या नजरेतून ही पट्टी निव्वळ एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक आहे. धारिता (साठवण्याची क्षमता) १ नॅनोफॅरड धरू. समोर मिक्सरचा इनपुट रोध आला की दोघांचा मिळून खर्ज अडवणारा फिल्टर होतो. त्याची सीमा: १ ÷ (२π × रोध × धारिता). सीमेखाली आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरतो.

आता आकडे घाला. मिक्सरचा लाइन इनपुट १० किलोओहमचा असेल, तर सीमा जवळपास १६,००० हर्ट्झ! गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्सचे (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या डबीचे) १४० किलोओहम धरले, तरी सीमा ११०० वर. १ मेगओहमला १६०, १० मेगओहमला १६. म्हणून गिटारच्या आतच एफईटीचा (फार मोठ्या इनपुट रोधाच्या ट्रान्झिस्टरचा) प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल पुढे जाण्याआधी सावरणारं छोटं सर्किट हवं. सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगने खर्ज वाढतो म्हणणाऱ्याला हे सूत्र दाखवा. मुलामा गंज टाळतो, बस. लांब केबल मात्र खरंच नडते: प्रीअ‍ॅम्प नसेल तर ५ मीटरची सुमारे ५०० पिकोफॅरड धारिता एक तृतीयांश सिग्नल खाते.

बसवताना पट्टीच्या जाडीइतका सॅडल तळातून घासायचा, नाहीतर तारा उंच होतात. तळ किंवा खाच सपाट नसली की एखादी तार मुकी पडते. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड आटतं आणि जमलेला समतोल पुन्हा बिघडतो.

साउंडहोलमधला चुंबकीय पिकअप फीडबॅकला (स्पीकरचा आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरून होणाऱ्या शिट्टीला) सहज दाद देत नाही, ढोल-ताशांशेजारी तोच घ्यावा. नायलॉन तारांवर तो बाद. स्टीलच्या जाड तारांवरचं ब्राँझ वेष्टणही त्याला दिसत नाही, त्यामुळे वेष्टण नसलेली दोन नंबरची तार बोंबलते. ब्रिजखाली आतून चिकटवायच्या पिएझो चकत्या लाकडाचा आवाज सर्वांत छान देतात, पण फीडबॅकही लवकर. दुहेरी टेपने लावलेल्या चकत्या उन्हातल्या बंद गाडीत सुटतात.

प्रीअ‍ॅम्पची ९ व्होल्टची बॅटरी बहुधा जॅकमध्ये प्लग गेला की चालू होते; वाजवून झालं की केबल काढा.