चेकवरची अक्षरी रक्कम : कायद्यात मोठी, क्लिअरिंगमध्ये मात्र चेक परत

चेकवर आकडा एक आणि अक्षरात दुसरंच पडलं तर खरं कुठलं, हे भारतात १८८१ सालीच ठरलंय. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं, म्हणजे चेक, वचनचिठ्ठ्यांच्या कायद्याचं, कलम १८ एका वाक्याचं आहे: दोन्हीत फरक असेल तर अक्षरी रक्कम तीच देय रक्कम. ब्रिटनच्या कायद्यात हा नियम १८८२ ला आला, म्हणजे आपल्यानंतर वर्षाने. आणि तरी आज आकड्यात १५,००० आणि अक्षरात फिफ्टीनच्या जागी चुकून फिफ्टी थाउजंड लिहिलेला चेक टाकून बघा, बँक पन्नास हजार देत नाही, चेक परत येतो, मेमोवर शब्द आणि आकडे जुळत नाहीत असं कारण असतं आणि वर रिटर्न चार्जेस.

चेकच्या आधी हुंडी होती, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे द्यायची चिठ्ठी, आणि हुंडी लिहिणारे याबाबतीत जास्त सावध होते असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा लिहायचा, अक्षरात लिहायचं, आणि शिवाय 'निमे', म्हणजे रकमेचा अर्धा भाग लिहून त्याची दुप्पट असंही लिहायचं. हजाराची हुंडी असली तर पाचशेची दुप्पट. कुणी मागे एक शून्य वाढवलं तरी निमे ओरडून सांगणार.

अक्षरी रकमेच्या शेवटचा 'फक्त' हा फारसीतून आलेला दस्तऐवजी शब्द, रकमेनंतरची जागा बंद करायला. काहीजण 'मात्र' लिहितात, अर्थ तोच. पण खरी भानगड रकमेभोवतीच्या मोकळ्या जागेत होते. लंडनमध्ये १९१८ ला निकाल लागलेल्या एका प्रकरणात क्लार्कने मालकाची सही घेतली तेव्हा आकड्यात फक्त २ पौंड होते आणि अक्षरांची ओळ कोरी, नंतर त्याने आकड्याच्या मागेपुढे भर घालून, कोरी ओळ भरून १२० पौंड उचलले. नुकसान खातेदाराच्या माथी मारलं गेलं, कारण चेक नीट भरणं ही त्याची जबाबदारी. इंग्रजीत लिहिताना तर सिक्स, सेव्हन, नाइन यांच्यापुढे 'टीवाय' आणि एटपुढे नुसता 'वाय' जोडला की साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद तयार. मराठीत 'सहा'चं 'साठ' करता येत नाही, पण 'सात'चं 'साठ' व्हायला एक अक्षर बदललं की पुरतं.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि अक्षरी ओळीतून आणे-पै गेले, ओळ सुटसुटीत झाली, याहून जास्त काही त्यात नाही.

खरा बदल ऐंशीच्या दशकात झाला, एमआयसीआर क्लिअरिंग, म्हणजे चुंबकीय शाईतले आकडे मशीनने वाचून बँकांनी आपापसात चेक वटवायची पद्धत, आली तेव्हा. चेकच्या तळाशी जी पांढरी पट्टी असते तिच्यावर चेक जमा करणाऱ्या बँकेत ऑपरेटर रक्कम छापायचा, आकड्यात, आणि मशीन तेवढंच वाचायचं. म्हणजे कायदा अक्षरं मोठी मानतो आणि सगळा हिशोब मात्र आकड्यावर पळतो. बँकवाले म्हणतात की कलम १८ हे देणं किती हे ठरवतं, पण खातेदाराची सूचना गोंधळाची असेल तर पैसे सोडायची जोखीम आम्ही का घ्यायची, आणि क्लिअरिंगच्या नियमांत चेक परत करायच्या कारणांमध्ये हे कारण आहेच. मला हे पटत नाही. सूचनेत गोंधळ असेल तर तो कसा सोडवायचा हे कायद्यानेच सांगितलंय, मग गोंधळ उरतो कुठे? शिवाय ज्याला पैसे यायचेत त्याची काहीच चूक नसताना तोच थांबतो.

आधी निदान एक वाट होती, चूक खोडून शेजारी पूर्ण सही केली की चेक चालायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या निर्देशांनी तीही बंद झाली, स्कॅन होऊन जाणाऱ्या चेकवर तारीख सोडून कशातच खाडाखोड चालत नाही, नाव नाही आणि रक्कम तर नाहीच, नवीनच चेक लिहायचा. दिल्लीत ही इमेजवाली पद्धत २००८ ला सुरू झाली होती, मुंबईत २०१३ ला. त्यात १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीनवर आली, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाकडून चेक बदलून घेईपर्यंत जीव टांगणीला.

चेक मराठीत लिहिता येतो, प्रादेशिक भाषेची मुभा नियमातच आहे. पण मराठी आकड्यांची नावं हा वेगळाच ताप, एकोणसत्तर की एकोणऐंशी इथे भले भले अडखळतात. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला, पण अक्षरी ओळ भरताना हाच प्रश्न मोठ्या माणसांनाही पडतो हे त्या वादात फारसं कुणी बोललं नाही.

१ जानेवारी २०२१ पासून ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आलं. चेक दिल्यावर तारीख, कुणाच्या नावे आणि किती रकमेचा हे बँकेला आधीच कळवायची सोय. ॲपवर रकमेचा रकाना असतो, त्यात आकडेच टाईप करायचे.